फाटकाची वेळ

माझ्या हाताखाली प्रोजेक्ट केलेल्या कुठल्याही पोराला विचारा, माधवी मॅडम कशा आहेत म्हणून. तो आधी मागं वळून बघेल, मी जवळपास नाही ना याची खात्री करेल आणि मगच तोंड उघडेल. राग माझ्या नाकावर असतो. अमरावतीत भूगोल शिकवायला लागून तेवीस वर्षं झाली. लोक मला खडूस म्हणतात आणि खरं सांगते, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. ती नागसेन तायडेची गोष्ट आहे, आणि तिच्यात माझा राग नडला नाही, माझं गप्प बसणं नडलं.

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात एका विद्यापीठाचं दूरशिक्षणाचं केंद्र आलं. त्यात एक पदव्युत्तर अभ्यासक्रम होता, सीमा व्यवस्थापनाचा, संशोधन आणि प्रत्यक्ष काम असा दोन्हींचा. आता अमरावतीचा आणि देशाच्या सीमेचा संबंध काय? आम्हाला जवळची सीमा म्हणजे मध्य प्रदेशची, आणि तिथं चहाच्या टपऱ्यांखेरीज सांभाळण्यासारखं काही नाही. पण आमचे विभागप्रमुख वामनराव म्हणाले, सीमा म्हणजे भूगोलच की, घ्या तुम्ही. झालं, आलं माझ्या गळ्यात. मी आयुष्यभर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यावर काम केलेली बाई. सीमा मी नकाशातच पाहिली होती.

पहिल्या रविवारी वर्गात बावीस जण बसले होते. त्यातले एकवीस स्पर्धा परीक्षावाले, कुठल्या तरी अर्जात एक सर्टिफिकेट जास्तीचं लावता येईल म्हणून आलेले. बाविसावा माणूस मी आत शिरताच ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "जय हिंद, मॅडम." पोरं फिदीफिदी हसली. मी पोरांना झापलं आणि त्यालाही बस म्हटलं. तो नागसेन.

वय पंचेचाळीस. गाव अकोटच्या पुढं सात-आठ किलोमीटर. वडील मोतीराम अकोटच्या एका जिनिंगमध्ये गाठी उचलायचे, ते लवकर गेले. आई चतुराबाई दुसऱ्यांच्या वावरात निंदण, वेचणी, सोंगणी करत राहिली आणि तिनं याला बारावीपर्यंत शिकवलं. बारावी झाल्या झाल्या हा भरतीत उतरला आणि सीमेवरच्या दलात लागला. बावीस वर्षं नोकरी केली. राजस्थान झालं, काश्मीर झालं, बंगाल झालं. ड्यूटी सांभाळून बाहेरून बी. ए. केलं, हवालदार म्हणून घरी परतला. बायको ज्योत्स्ना गावातच अंगणवाडी सेविका. पेन्शन होती, घर होतं. बऱ्याच फौजी लोकांसारखा एखाद्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण हा दर रविवारी पहाटेची एस. टी. धरून दर्यापूरमार्गे अमरावतीला यायचा, आणि वर्गात साडेनवाला माझ्याआधी हजर असायचा.

मी एकदा विचारलंच, तायडे, या वयात हा उपद्व्याप कशासाठी? तेव्हा त्यानं सांगितलं. त्याचा एक जुना साहेब सीमेवरच्या जवानांच्या प्रशिक्षण संस्थेत मोठ्या जागेवर गेला होता. तिथं शिकवायला अनुभवी माणसं घेत होते, पण दोन अटी होत्या. पदव्युत्तर कागद पाहिजे आणि पन्नाशी उलटलेली नको. साहेब म्हणाला होता, तू कागद घेऊन ये, बाकी मी बघतो. नागसेनला तिथं जाऊन एकच गोष्ट शिकवायची होती. कुंपणाचं फाटक कसं उघडायचं.

मला हसू आलं. फाटक उघडायला काय शिकवायचं असतं? मग त्यानं मला बसवून समजावलं, आणि सांगते, तेवीस वर्षांत मला विद्यार्थ्यानं शिकवलं असं तेवढं एकदाच झालं.

बंगालकडं तारेचं कुंपण प्रत्यक्ष सीमेच्या बरंच अलीकडं घातलेलं आहे. कुंपण आणि सीमा यांच्यामध्ये जी जमीन उरते तीही आपलीच आणि ती कसणारे शेतकरीही आपलेच. पण त्यांना स्वतःच्या वावरात जायला कुंपणातल्या फाटकातून जावं लागतं, जवानाकडं ओळखपत्र जमा करून. फाटक ठरल्या वेळी उघडतं, ठरल्या वेळी बंद होतं. नागसेन अशा एका फाटकावर साडेतीन वर्षं होता. पाटीवर वेळ लिहिली होती सहाची. चावी ठाण्यातून यायची, नोंद व्हायची, कुणी साहेब तपासणीला असला तर त्याची वाट बघायची. फाटक उघडायला साडेसात व्हायचे, कधी आठ.

मी म्हटलं, दोन तासांनी काय बिघडतं?

"मॅडम, माही माय हरभरा सोंगाले पायटी चारले निंगे," तो म्हणाला. "दव हाये तोवरच हरभरा सोंगा लागते. ऊन चढलं का घाटे तडकतात न दाना सारा वावरात. तिकडच्या मोहरीचं बी तसंच हाये जी. फाटक आठले उघडलं का त्या बायांच्या हाती निस्त्या काड्या येतात. न आमचे पोरं म्हनतात, हे लोक फाटकावर भांडतात कावून!"

हे त्याच्या बरोबरच्या जवानांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. येणार कसं? ज्याची आई दवात हरभरा सोंगत नव्हती त्याला मोहरीच्या शेंगेचं काय कळणार. नागसेननं मात्र पहिल्याच हंगामात ते ओळखलं आणि खिशातल्या डायरीत रोज लिहायला सुरुवात केली. पाटीवरची वेळ, खरी उघडण्याची वेळ, किती जण आत गेले, किती जण वाट बघून परत गेले, कुणी भांडलं, काय म्हणून भांडलं. साडेतीन वर्षांत सात डायऱ्या भरल्या. पुढं त्यानंच बेरजा मांडून दाखवल्या. ज्या महिन्यात फाटक वेळेवर उघडलं त्या महिन्यात भांडणं जवळजवळ नाहीत, आणि वावरात अनोळखी माणूस शिरला तर शेतकरीच येऊन सांगतात. ज्या महिन्यात उशीर, त्या महिन्यात सगळे मुके.

हे सोनं होतं. मला ते त्याच क्षणी कळलं, आणि मी त्याला तसं सांगितलं नाही. आमच्यात कौतुक करायची पद्धत नाही. मी लाल पेन काढलं.

त्याचा पहिला मसुदा मी चार वेळा परत केला. त्यात आई होती, हरभरा होता, एका म्हाताऱ्या बंगाली बाईनं दिलेल्या मुरमुऱ्याच्या लाडवाची हकीकत होती, आणि ओळीओळीला 'मी' होता. मी सगळं कापलं. संशोधनात 'मी' चालत नाही, तिथं तुम्ही नव्हताच असं समजून लिहा, असं मी त्याला बजावलं. तो डोकं खाजवत म्हणाला, पण मी तर तिथंच होतो. मी टेबलावर हात आपटला. पुढच्या रविवारी नवा मसुदा घेऊन आला. शंभर पानांत एकदाही 'मी' नाही. वरच्याचा शब्द म्हणजे शब्द, हे बावीस वर्षं अंगात मुरलेलं. मला तेव्हा त्याचं बरं वाटलं, शिस्तीचा विद्यार्थी आहे म्हणून.

एक गोष्ट मात्र मला टोचत होती. या डायऱ्या त्यानं ड्यूटीवर असताना लिहिलेल्या. त्या वापरायला परवानगी लागते का? लागत असेल तर कुणाची? एक पत्र टाकून विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. पण पत्र टाकायचं म्हणजे नसती चौकशी मागं लावून घ्यायची, असं मला वाटलं. मी समासात लिहिलं, 'स्रोत : क्षेत्रीय नोंदी'. कुणाच्या, कधीच्या, काही नाही. हात झटकून मोकळी झाले. आळस म्हणा, भित्रेपणा म्हणा, दोन्ही होतं.

मध्ये कोरोना आला, परीक्षा लांबल्या, केंद्राचा कारभार वर्षभर झोपला. अभ्यासक्रम पुरा करायची मुदत संपत आली. नागसेनची तोंडी परीक्षा लागली तेव्हा ती त्याची पहिली आणि शेवटचीच संधी होती. अठ्ठेचाळीस पुरे झाले होते. साहेबानं जागा धरून ठेवली होती.

परीक्षक बाहेरून आले होते, मोठे अभ्यासू गृहस्थ. आणि योग असा, की पुढच्याच महिन्यात माझी प्रोफेसरपदाची मुलाखत होती आणि त्या समितीत हेच गृहस्थ बसणार होते. वामनरावांनी सकाळीच मला बाजूला घेऊन सांगितलं, आज कसली भानगड नको. मी बाहेर व्हरांड्यात आले. नागसेन पांढरा शर्ट घालून, बूट चकाचक करून उभा होता. काखेत पिशवी, तिच्यात रुमालात बांधलेल्या त्या सात डायऱ्या. विचारू लागला, आत आणू का? मी म्हटलं, डायऱ्या बाहेर ठेवा, त्यांचा विषयच काढायचा नाही, आणि आत 'मी' हा शब्द तुमच्या तोंडून निघता कामा नये. तो "हो जी" म्हणाला आणि पिशवी शिपायाच्या स्टुलावर ठेवून आत गेला.

काय सुरेख बोलला तो माणूस! फळ्यावर कुंपण काढलं, फाटक काढलं, पीक आणि वेळ यांचा तक्ता मांडला. परीक्षक पुढं सरकून ऐकत होते. अशी माहिती आपण कुठंच वाचली नाही, असं म्हणाले. आणि मग त्यांनी साहजिकच विचारलं, या नोंदी कुणाच्या?

क्षेत्रीय नोंदी आहेत, असं नागसेननं सांगितलं. ते ठीक, पण घेतल्या कुणी, कुठल्या कचेरीतून मिळवल्या, असं त्यांनी पुन्हा विचारलं. नागसेननं माझ्याकडं पाहिलं. परीक्षकांनीही पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही मार्गदर्शक आहात. तुम्हाला माहीत असेलच."

एवढंच म्हणायचं होतं मला, की सर, त्या याच्याच आहेत, याच्याच हातच्या आहेत, बाहेर स्टुलावर आहेत, मागवू का? जेमतेम अर्ध्या मिनिटाचं काम. पण माझ्या डोक्यात परवानगी आली, चौकशी आली, पुढच्या महिन्यातली मुलाखत आली. ज्या मार्गदर्शिकेनं विद्यार्थ्याला सरकारी कामातल्या नोंदी विनापरवाना वापरू दिल्या, तिला प्रोफेसर कोण करेल? मी म्हणाले, "ते विद्यार्थ्यानंच सांगावं." आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

नागसेन ताठ उभा राहिला. समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाला, "सांगता येनार नाही, सर."

परीक्षकांनी फाइल मिटली. ते वाईट माणूस नव्हते. ज्या आकडेवारीचा मालक माहीत नाही ती खरी कशी मानायची, ती घरी बसून रचलेलीही असू शकते, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या जागी मीही तेच म्हणाले असते. शेरा पडला : स्रोत असिद्ध, प्रकल्प अमान्य. नागसेन बाहेर आला, पिशवी काखेत घेतली, मला जय हिंद केला आणि दर्यापूरची गाडी आहे म्हणून निघून गेला. मी त्याला बघू, काहीतरी करू असं पुटपुटले. काही केलं नाही.

पुढच्या महिन्यात मी प्रोफेसर झाले. वामनरावांनी पेढे वाटले. दारावर नवी पाटी लागली. आणि तेव्हापासून मला पोरांवर ओरडता येईनासं झालं. लाल पेन हातात घेतलं की कुणाच्या तरी पानावरचा 'मी' दिसायचा आणि हात थांबायचा. पोरं म्हणायला लागली, मॅडमची तब्येत बरी नाही वाटते. नागसेनला फोन करावा असं रोज वाटायचं. करून म्हणायचं काय, हे सुचायचं नाही. असं सव्वा वर्ष गेलं. लाज वाटते सांगायला, पण गेलं.

शेवटी या उन्हाळ्यात मी लिहायला बसले. विद्यापीठाला सगळं कळवलं. नोंदी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आहेत, त्या लपवायला मी सांगितलं, परीक्षकांनी विचारलं तेव्हा मी बोलले नाही, दोष माझा आहे. खाली सही केली. वामनराव म्हणाले, कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेता? मी म्हटलं, पडू द्या. त्या दलाच्या कचेरीलाही पत्र टाकलं, जे पाच वर्षांपूर्वी टाकायला हवं होतं. त्यांचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. फाटकाच्या वेळा पाटीवर जाहीर लावलेल्या असतात, त्यांच्या नोंदी अभ्यासात वापरायला आमची हरकत नाही. दोन ओळी. त्या दोन ओळींच्या भीतीनं मी एका माणसाचं वाटोळं केलं होतं.

विद्यापीठानं तीन स्मरणपत्रांनंतर उत्तर दिलं. विशेष बाब म्हणून फेरपरीक्षा घेऊ, विद्यार्थ्यानं महिनाअखेरीपर्यंत मूळ डायऱ्या तपासणीसाठी सादर कराव्यात. नागसेनला पन्नाशी गाठायला अजून पाच महिने होते. मी खुर्चीतून उठून विभागात दोन चकरा मारल्या. किती दिवसांनी मला भूक लागली होती.

फोन लावला तो ज्योत्स्नानं उचलला. चतुराबाई आठवड्यापूर्वी वारल्या होत्या. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मी तिला पत्राचं काही सांगितलं नाही. म्हटलं, मी येते. असली गोष्ट समोर बसूनच सांगायची, आणि माफीही समोरच मागायची, असं मी ठरवलं.

रविवारी दर्यापूरमार्गे अकोटला पोचले, तिथून ऑटोनं गावात. दारापुढं मांडव होता. पांढऱ्या कपड्यांत माणसं बसली होती. त्रिशरण, पंचशील झालं, चार जण चतुराबाईंबद्दल बोलले. नागसेनचे केस पिकले होते. मला बघून तो लगबगीनं आला, हात जोडले, आणि जो भेटेल त्याला सांगत सुटला, ह्या माझ्या गाइड मॅडम, अमरावतीहून आल्या, माझ्यावर यांचे फार उपकार आहेत. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं.

जेवणं झाल्यावर त्यानं लिंबाखाली दोन खुर्च्या टाकल्या. मी पर्स मांडीवर घेतली, चेन उघडली. पत्रावर हात ठेवला आणि म्हटलं, तायडे, मला तुमच्याशी त्या परीक्षेबद्दल बोलायचं आहे.

"मले बी बोलाचं होतं, मॅडम," तो म्हणाला. "लय दिवसांपासून. तुमचे आभार राह्यले होते."

मी म्हटलं, कसले आभार?

"त्या दिवशी साहेबानं तुमाले विचारलं न तुमी गप्प राह्यल्या. पयले मले लय वाईट वाटलं, खोटं नाही बोलत. दर्यापूर येईपर्यंत रडून राहिलो होतो. मंग डोक्यात उजेड पडला, का मॅडम कधी कोनाले भीत नाही, त्या गप्प राह्यल्या म्हंजे कारन असन. ड्यूटीवरच्या नोंदी होत्या ना. मी त्या माह्या हायेत म्हनलो असतो तं पेन्शन गेली असती, केस झाली असती. तुमी तोंडानं बोलू शकत नव्हत्या, तुमी इशारा देल्ला. मायचं न ज्योत्स्नाचं पोट वाचवलं तुमी."

मी काही बोलणार, तेवढ्यात तोच पुढं म्हणाला, की इशारा एकदा कळल्यावर त्यानं वेळ घालवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाईंनी पाणी तापवायला चूल पेटवली, तिच्यात यानं सातही डायऱ्या टाकल्या. आई विचारत होती, कावून जाळून राहिला बापा, इतक्या वर्षांचं लिहिलेलं? यानं सांगितलं, मॅडमचा हुकूम आहे.

माझा हात पर्समध्येच होता. एखादी राहिली असेल, मी विचारलं. एखादं झेरॉक्स, एखादं सुटं पान?

"एक बी नाही ठेवलं, मॅडम. अर्धं काम मी करत नाही." तो हसला. हसताना किती मोकळा दिसत होता तो. मग जरा पुढं वाकून, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघून त्यानं विचारलं, "बरोबर केलं ना?"

खरं सांगायचं म्हणजे त्याला सांगायचं, की धोका कधी नव्हताच, मी तुझ्यासाठी गप्प बसले नव्हते, माझ्यासाठी बसले होते, आणि तू जे जाळलंस त्याच्याच बदल्यात आज तुला सगळं मिळणार होतं. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. मी पर्सची चेन लावली.

"बरोबर केलंत," मी म्हणाले.